दाबलेलं बटण सोडणार कोण?

मागे एका भागात घरच्या घरी छोटा सर्व्हर कसा चालवायचा यावर बोललो होतो. बोलण्याच्या ओघात मी सांगून गेलो की साताऱ्याच्या घरी वरच्या खोलीत माझा एक रेडिओ आहे, तो इंटरनेटला जोडलाय, आणि गावातला माणूस हातातल्या वॉकीटॉकीवरून त्याच्यामार्फत मेलबर्नशी गप्पा मारतो. त्यावर भरपूर मेसेज आले. हे कायदेशीर आहे का, सामान काय लागतं, आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅप असताना हे कशाला?

तर आजचा भाग त्यावर. पण आधीच सांगतो, यातला अर्धा भाग मी ते स्टेशन कसं उभं केलं याचा आहे, आणि अर्धा भाग त्याने एका रविवारी कसा घोळ घातला याचा. दुसरा अर्धा जास्त महत्त्वाचा आहे. तो ऐकल्याशिवाय कोणी सोल्डरिंग गन हातात घेऊ नका.

आधी लायसन्स

हॅम रेडिओ म्हणजे हौशी रेडिओ. हौशी म्हटलं तरी परवाना लागतो. दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा, म्हणजे डब्ल्यूपीसी, त्याची परीक्षा घेते. मी २०१९ मध्ये दिली. वय १२ पूर्ण असलं की बसता येतं. दोन श्रेणी आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. जनरलला मोर्स कोड येावा लागतो, मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने. रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही. बाकी थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडे नियम. बीटेक झालेल्याला अवघड नाही आणि न झालेल्यालाही नाही. आमच्या बॅचला एक किराणा दुकानदार होते, ते माझ्याआधी पेपर देऊन बाहेर पडले. पास झालात की 'व्हीयू'ने सुरू होणारं कॉल साइन मिळतं. हवेत तेच तुमचं नाव.

मला या नादाला लावलं ते आमच्या गल्लीतल्या एका काकांनी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, मोर्सच्या जमान्यातले. घरावर लांबच्या लांब तार टांगून ते शॉर्टवेव्हवर देशोदेशीच्या लोकांशी बोलायचे. पुढे आजूबाजूला इमारती झाल्या, तार काढावी लागली. जी छोटी तार उरली तिच्यावर आसपासच्या स्वस्त एलईडी दिव्यांचा आणि चार्जरचा इतका खरखराट यायचा की लांबचा आवाज त्यात बुडूनच जायचा. काकांकडे उरला तो फक्त हातातला वॉकीटॉकी. तो व्हीएचएफवर चालतो, १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की संपलं. आणि साताऱ्यात डोंगर कुठे नाही?

इंटरनेटला जोडायचं म्हणजे काय?

कल्पना साधी आहे. गावात उंचावर एक रेडिओ ठेवायचा. तुमच्या वॉकीटॉकीचा आवाज तो ऐकतो, शेजारचा छोटा कॉम्प्युटर तो आवाज इंटरनेटवरून दुसऱ्या गावातल्या तशाच जोडणीकडे पाठवतो, आणि तिकडचा रेडिओ तो पुन्हा हवेत सोडतो. दोन्ही टोकांना रेडिओच आहे. मधला डोंगर, समुद्र वगैरे इंटरनेट पार करतं.

हे काही नवीन नाही. कॅनडातल्या डेव्ह कॅमेरॉन यांनी १९९७ मध्ये आयआरएलपी नावाची अशी व्यवस्था सुरू केली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या जोनाथन टेलर यांनी एकोलिंक आणलं. तेच मी वापरतो. एकोलिंकमध्ये नाव नोंदवताना तुमचा परवाना तपासला जातो, कारण पलीकडे कुठेतरी खरोखरचा ट्रान्समीटर आहे. परवाना नसलेल्या माणसाचा आवाज त्यातून जाता कामा नये.

२०२१ मध्ये वर्क फ्रॉम होममुळे मी पुण्याहून साताऱ्याला परत आलो. आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आहे, गच्चीवरून अख्खं गाव दिसतं आणि समोर यवतेश्वरची कडा. अँटेनासाठी याहून चांगली जागा कोणती? काकांना म्हटलं, "तुम्हाला वॉकीटॉकीवरून ऑस्ट्रेलिया लावून देतो." काका म्हणाले, "म्हणजे फोनच की."

हा वाद आमच्यात अजून चालू आहे. पण ते गच्चीवर आले, होकायंत्र काढलं आणि अँटेना कुठे लावायची ते खडूने आखून गेले.

सामान आणि जोडणी

सामान असं. एक जुना गाडीत बसवायचा व्हीएचएफ रेडिओ. एक रास्पबेरी पाय. एक यूएसबी साउंड कार्ड. गच्चीवर उभी अँटेना. पायवर लिनक्स आणि त्यावर एसव्हीएक्सलिंक नावाचं मोफत सॉफ्टवेअर, स्वीडनच्या टोबियास ब्लोमबर्ग यांनी सुरू केलेलं. एकोलिंकशी बोलायची सोय त्यात तयार आहे.

रेडिओ आणि पाय यांच्यात चार गोष्टी जोडाव्या लागतात. रेडिओचा आवाज पायकडे. पायचा आवाज रेडिओकडे. तिसरी, कोणी बोलतंय की नाही हे सांगणारी स्क्वेल्चची वायर. आणि चौथी पीटीटी, पुश टू टॉक. वॉकीटॉकीवर बोलताना आपण जे बटण दाबून धरतो तेच. इथे ते बटण अंगठ्याऐवजी एक ट्रान्झिस्टर दाबतो, आणि त्या ट्रान्झिस्टरला हुकूम देते पायची एक पिन. ही चौथी वायर लक्षात ठेवा.

तीन अडचणी प्रत्येकाला येतात म्हणून सांगतो. पहिली, आवाजात घुमणारी गुणगुण. रेडिओ आणि कॉम्प्युटर यांची अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने फिरते म्हणून ती येते. दोन्ही ऑडिओ वायरींत छोटे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाकले की जाते. दुसरी, आवाजाची पातळी. नवशिके ती नेहमी जास्त ठेवतात आणि पलीकडच्याला फाटका आवाज जातो. एकोलिंकवर ९९९९ क्रमांकाचा एक चाचणी सर्व्हर आहे, तुम्ही बोललेलं तो तुम्हालाच परत ऐकवतो. वॉकीटॉकीच्या बटणांवर दोन-हॅश, मग ९९९९-हॅश दाबायचं आणि स्वतःचा आवाज ऐकत पातळी लावायची. मी दोन संध्याकाळ हेच केलं. आईला वाटलं, पोरगा एकटा बडबडतोय.

तिसरी अडचण इंटरनेटची. एकोलिंकला यूडीपीचे ५१९८ आणि ५१९९ हे पोर्ट बाहेरून उघडे लागतात. पण आपल्याकडे बहुतेक कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. मग तुम्ही राउटरवर पोर्ट कितीही उघडा, बाहेरचा माणूस आत येऊच शकत नाही. वाड्याचा दिंडी दरवाजा बंद असताना आपल्या खोलीचं दार उघडं ठेवण्यातला प्रकार. यावर दोन उपाय. कंपनीकडून स्वतंत्र स्थिर पत्ता घ्यायचा, नाहीतर एकोलिंकचा प्रॉक्सी वापरायचा. मी स्थिर पत्ता घेतला.

आणि लागलं मंडळी. काकांचा एक जुना मित्र, चाळीस वर्षं मोर्सवर भेटलेला, मुलाकडे मेलबर्नला राहायला गेला होता. एका गुरुवारी सकाळी सात वाजता काका त्यांच्या ओट्यावर उभे राहून वॉकीटॉकीत कॉल साइन बोलले आणि पलीकडून ओळखीचा आवाज आला. दोघांनी आधी औपचारिकपणे सिग्नल रिपोर्ट दिले घेतले, आणि मग पाऊण तास गुडघेदुखीवर बोलले. त्यानंतर दर गुरुवार ठरलेला. फोनच आहे म्हणणारे काका गुरुवारी साडेसहापासून बॅटरी चार्ज आहे का बघत बसायचे.

तो रविवार

आता दुसरा अर्धा भाग.

मे २०२२. महिन्यातला शेवटचा रविवार. गावातल्या एका सायकल ग्रुपने सातारा ते बामणोली अशी राइड ठेवली होती, यवतेश्वर चढून, कासवरून. त्या रस्त्याला मोबाइलची रेंज येते-जाते. म्हणून ग्रुपमधल्या एकाने आम्हा हॅम लोकांना विचारलं. तिघे तयार झाले. एक जण कासजवळ, एक जण बामणोलीच्या उतारावर, आणि काका यवतेश्वरच्या कडेला, वरचा निरोप खाली गावात आणि खालचा वर सांगायला. मी नव्हतो. मला मित्राच्या लग्नाला पुण्याला जायचं होतं.

निघताना मी एकोलिंकची जोडणी तोडली, म्हणजे बाहेरचं कोणी मध्ये बोलणार नाही. पण रेडिओ आणि पाय चालूच ठेवले. म्हटलं, गप्प बसून राहतील.

सकाळी दहाच्या सुमारास वळिवाचं वातावरण झालं आणि साताऱ्यात वीज लपंडाव खेळायला लागली. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. तुमच्याकडेही असेल, मागे एक छोटा खटका असतो, एकीकडे यूपीएस आणि दुसरीकडे साधा मोड. आमचा साध्या मोडवर होता. वीज गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला जरा वेळ लागतो. पंख्याला तो झटका कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो. पाय बंद पडला, सुरू झाला, पुन्हा बंद पडला, पुन्हा सुरू झाला. तीन-चार वेळा. शेवटी त्याचं मेमरी कार्ड खराब झालं. तो अर्ध्या वाटेत अडकून बसला. सॉफ्टवेअर सुरूच झालं नाही.

तुम्ही म्हणाल, मग काय बिघडलं? सर्व्हर पडला तर पडला. मीही आयुष्यभर तसाच विचार करत आलो. सर्व्हर पडला की तो गप्प होतो. पेज उघडत नाही, लोक वैतागतात, आपण लॅपटॉप उघडतो, रीस्टार्ट करतो, सॉरी म्हणतो.

हा गप्प झाला नाही. पीटीटीसाठी मी पायची जीपीआयओ ४ ही पिन वापरली होती. का? तर कनेक्टरच्या कडेला होती, सोल्डर करायला सोपी. रास्पबेरी पाय सुरू होतो तेव्हा, सॉफ्टवेअर ताबा घेईपर्यंत, त्याच्या ० ते ८ या पिना आतल्या एका रोधकाने वर ओढलेल्या असतात, त्यांच्यावर व्होल्टेज असतं. ९ पासून पुढच्या खाली ओढलेल्या असतात. हे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय. मी ते वाचलं नव्हतं. एरवी सॉफ्टवेअर काही सेकंदांत ताबा घ्यायचं, म्हणून मला कधी कळलंही नाही. त्या दिवशी सॉफ्टवेअर आलंच नाही. पिन वरच राहिली. ट्रान्झिस्टर चालू झाला, आणि माझा रेडिओ अजिंक्यताऱ्याच्या उतारावरून २५ वॉटने एक शब्दही न बोलता प्रक्षेपण करत राहिला.

आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीवर? गावातले आम्ही सगळे नेहमी ज्यावर भेटतो त्याच. काकांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, लिंकसाठी वेगळी घे. मी म्हटलं होतं, सगळ्यांच्या रेडिओत पहिल्या चॅनलला हीच भरलेली आहे, उगाच लोकांना त्रास कशाला. राइडवाल्यांनीही अर्थात तीच घेतली होती.

एफएमची एक खोड असते. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले तर जो जोरदार, तोच ऐकू येतो. दुसरा दबून जातो, नुसता कमी होत नाही, जवळजवळ नाहीसाच होतो. काकांच्या रेडिओवर समोरच्या डोंगरावरून माझा २५ वॉटचा सिग्नल सरळ येत होता, आणि कासकडून येत होता पाच वॉटचा वॉकीटॉकी. काकांना ऐकू येत होती शांतता. खरखर नाही, काही नाही, स्वच्छ शांतता.

त्याच वेळी कासच्या पुढच्या उतारावर एक सायकलस्वार वळणावरच्या खडीवरून घसरला. हेल्मेट फुटलं, हात हलवता येईना, डोळ्यांपुढे अंधारी येत होती त्यांना. बामणोलीच्या उतारावरच्या मुलाने कासला कळवलं, दोघे जवळ होते, एवढं झालं. कासच्या मुलाने काकांना बोलवायला सुरुवात केली. काका, काका, यवतेश्वर, इमर्जन्सी. वीस मिनिटं. काकांपर्यंत एक अक्षर पोहोचलं नाही. शेवटी खाली येणारी एक जीप त्याने हात करून थांबवली.

काकांनी तोवर ओळखलं होतं की कुणाचा तरी ट्रान्समीटर अडकलाय. कुणाचा ते त्यांनी कसं शोधलं ते ऐका. वॉकीटॉकी छातीशी धरायचा आणि हळूहळू स्वतःभोवती फिरायचं. आपलं अंग लहरी अडवतं. सिग्नल सगळ्यात क्षीण होतो तेव्हा ट्रान्समीटर आपल्या पाठीमागे असतो. काका फिरले, सिग्नल पडला, मागे वळून पाहिलं तर अजिंक्यतारा.

मला त्यांनी अकरा फोन केले. मी मंडपात होतो, फोन सायलेंटवर. मग त्यांनी आमच्या घरी फोन लावला. आईला म्हणाले, "वहिनी, वरच्या खोलीतलं सगळं बंद करा." आईने कोणतीही शहाणी बाई करेल तेच केलं. जिन्याखालचा मेन स्विच पाडला. इन्व्हर्टर बीप करून चालू झाला आणि वरचा सगळा पसारा आरामात सुरू राहिला. काका म्हणाले, अजून येतोय. आई वर गेली. टेबलामागे वायरींचं जंगल, एकावरही चिठ्ठी नाही. तिने एक प्लग काढला, तो राउटरचा निघाला. दुसरा काढला, तो माझ्या शेव्हिंग मशीनचा. रेडिओला हात लावला तर चटका बसला, इतका तापला होता. शेवटी तिने एक्स्टेन्शन बोर्डच भिंतीतून ओढून काढला.

यवतेश्वरला काकांच्या वॉकीटॉकीत एकदम कासचा आवाज आला. एव्हाना पाऊण तास झाला होता. जीप त्यांच्यासमोरून गावात गेलेली होती.

माफी

कॉलरबोन मोडलं होतं. डोक्याला फक्त मुका मार. ते बरे झाले, आता पुन्हा सायकल चालवतात. पण हे झालं नशिबाने, माझ्या काळजीने नव्हे.

संध्याकाळी मी परत आलो तेव्हा काका आमच्या ओसरीवर बसले होते. मला वाटलं ओरडतील. त्यांनी विचारलं, "पीटीटी सोडायची व्यवस्था काय होती?" मी सॉफ्टवेअरमधल्या टायमरबद्दल सांगायला लागलो. एसव्हीएक्सलिंकमध्ये ठराविक वेळानंतर ट्रान्समीटर सोडून देण्याची सोय आहे, मी ती नीट लावलेलीही होती. ते म्हणाले, "म्हणजे दाबणारा तोच आणि सोडणारा पण तोच. तो मेला तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रेडिओत स्वतःचा टाइमआउट टायमर असतो, तीन मिनिटांनंतर प्रक्षेपण आपोआप तोडणारा. तो मीच बंद केला होता, कारण मेलबर्नचे आजोबा लांब बोलायचे आणि मध्येच तुटायचं.

मग आम्ही दोघे त्या सायकलस्वारांच्या घरी गेलो. ते शाळेत मास्तर आहेत. मी सगळं सांगितलं, पिन, इन्व्हर्टर, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे एफएम रेडिओवर गाणी लावता तसं का?" त्यांच्या बायकोला मात्र बरोबर समजलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे घरात माणूस नसताना गॅस चालू ठेवून गेलात." याहून नेमका पोस्टमॉर्टेम रिपोर्ट मी आजवर ऑफिसातही वाचलेला नाही.

पुन्हा उभारणी

चार महिने मी ते सगळं बंद ठेवलं. सुरू करा असं काकाच म्हणाले, मला वाटतं गुरुवारमुळे. पण त्यांनी एक अट घातली: एकेका गोष्टीवर बोट ठेवून, ही मेली तर काय होईल, ते कागदावर लिहायचं. तो कागद मी तुम्हाला वाचून दाखवतो. कोणी असं स्टेशन उभं करणार असाल तर हेच सगळ्यात कामाचं आहे.

एक. लिंकची फ्रिक्वेन्सी वेगळी. गावाच्या नेहमीच्या भेटीच्या जागेवर लिंक ठेवायची नाही. आधी आठवडाभर ती जागा रिकामी आहे का ते ऐकायचं, गावातल्या बाकीच्या हॅमना विचारायचं.

दोन. पीटीटीची पिन बदलली. आता जीपीआयओ १७ आहे, सुरुवातीला खाली ओढलेली. शिवाय ट्रान्झिस्टरच्या बेसला बाहेरून १० किलो-ओहमचा रोधक जमिनीला जोडला. पाय बंद असो, अडकलेला असो, वायर तुटलेली असो, ट्रान्झिस्टर बंदच राहील.

तीन. रेडिओतला टायमर चालू, तीन मिनिटं. मेलबर्नचे आजोबा आता दर दोन मिनिटांनी 'ओव्हर' म्हणतात. काकांच्या मते त्यामुळे गुडघेदुखीचं वर्णन सुधारलंय.

चार. या दोन्हींपेक्षा वेगळा, तिसरा पहारेकरी. एक छोटं टायमर सर्किट पीटीटीच्या वायरीवर नजर ठेवतं. चार मिनिटांच्या वर ती दाबलेली राहिली तर रिले रेडिओची वीज तोडतो, आणि कोणी जाऊन हाताने चालू करेपर्यंत तोडलेलीच ठेवतो. हे सर्किट पायवर अवलंबून नाही, आणि त्यात इंटरनेटचा काही संबंध नाही. प्रत्येक पहारेकऱ्याला दुसऱ्यापेक्षा वेगळ्या कारणाने मरता आलं पाहिजे.

पाच. पॉवर. इन्व्हर्टरचा खटका यूपीएसवर. पायचं मेमरी कार्ड फक्त वाचण्यापुरतं उघडायचं, म्हणजे वीज गेली तरी लिहिता लिहिता ते खराब होणार नाही.

सहा. शक्ती कमी. २५ वॉटची काही गरज नव्हती, घर उंचावर आहे. आता पाच वॉट. गावभर तेवढ्यात ऐकू येतं, आणि रेडिओ तापत नाही.

सात. घरात परवानाधारक नाही, तर ट्रान्समीटर चालू नाही. मी बाहेर पडलो की रेडिओ बंद. दुरून लॅपटॉपवरून बघत राहीन, हे चालणार नाही. त्या दिवशी दुरून बघायचं साधनच तर मेलं होतं. परवाना तुमच्या नावावर आणि पत्त्यावर असतो. आपल्या परवान्यावरच्या अटी शब्दन्‌शब्द वाचा आणि लिंक हवेत सोडण्याआधी गावातल्या अनुभवी हॅमला दाखवा.

आठ. एकच लाल स्विच. दाराशेजारी, खांद्याच्या उंचीवर, इन्व्हर्टरच्या वायरीवर. तो पाडला की खोलीतलं सगळं बंद. दर पहिल्या रविवारी आई तो पाडते आणि काका आपल्या घरून ऐकतात, सिग्नल गेला का.

मग व्हॉट्सअ‍ॅप का नको?

या प्रश्नाकडे परत येतो. गुरुवारच्या गप्पांसाठी व्हॉट्सअ‍ॅप चालेलच. काकांचं म्हणणं अगदी चूक नव्हतं. इंटरनेटवरची लिंक मजेची आहे, ज्यांच्या अँटेना गेल्या त्यांना ती पुन्हा माणसांत आणते, आणि नवीन पोरांना परीक्षा द्यावीशी वाटते. एवढ्यासाठीसुद्धा ती हवी.

पण हॅम रेडिओचा पाया तो नाही. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद आपल्या हॅम चमूसह पोर्ट ब्लेअरला गेलेल्या होत्या, जगभरच्या हौशी लोकांशी बोलायला. २६ तारखेला त्सुनामी आली, अंदमानातल्या फोनच्या लाइनी गेल्या, आणि त्याच रेडिओवरून अडकलेल्यांचे निरोप मुख्य भूमीला गेले. मध्ये कुठलाही सर्व्हर नव्हता. एक अँटेना, एक बॅटरी, आणि पलीकडे ऐकणारा माणूस. भूजच्या भूकंपात, २००१ मध्येही, हॅम लोक असेच धावले होते.

म्हणून आमच्या गावात आता पद्धत अशी आहे. कासच्या राइडला, वारीच्या सेवेला, कुठल्याही कामाच्या दिवशी लिंक बंद. आमने-सामने रेडिओ, आणि एक पर्यायी फ्रिक्वेन्सी आधी ठरवून. लिंक हा वरचा मजला. तळमजला शाबूत असेल तरच वर चढायचं. मी उलटं केलं होतं, वरच्या मजल्याचं सामान तळमजल्याच्या दारात आणून ठेवलं होतं.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आपल्या लोकांना 'फेल झालं तर रीस्टार्ट करू' याची इतकी सवय असते की फेल होणं म्हणजे गप्प होणं असंच आपण धरून चालतो. ट्रान्समीटर, मोटर, हीटर, पाण्याचा पंप, यातलं काहीही एखाद्या पिनला जोडायच्या आधी काकांचा प्रश्न विचारा. दाबणारा मेला तर सोडणार कोण?

परवा घरी गेलो होतो. त्या लाल स्विचवर मी टेपवर छापून 'मुख्य आपत्कालीन विद्युत खंडक' अशी पट्टी लावली होती. आईने ती काढून टाकलीय. तिथे आता मार्करने, तिच्या अक्षरात, लिहिलंय: 'आधी हे.'

पुढच्या भागात त्या टायमर सर्किटबद्दल सविस्तर बोलू, कारण त्यावर प्रश्न येणार हे मला माहीत आहे. तोवर, हॅम लोक निरोप घेताना म्हणतात तसं, सगळ्यांना सेव्हन्टी थ्री. नमस्कार.